सीमेवर बंदूक घेऊन गस्त घालायची, तर अमेरिकन कायदा कुठे आडवा येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही फीनिक्सला राहता, ग्रीन कार्डावर आहात आणि पिस्तूल रीतसर विकत घेतलेलं आहे. शेजारचे निवृत्त सैनिक आणि त्यांचे मित्र शनिवार-रविवार मेक्सिकोच्या सीमेजवळ तळ ठोकतात, रात्री गस्त घालतात आणि कुणी सीमा ओलांडताना दिसलं की बॉर्डर पेट्रोलला, म्हणजे संघराज्याच्या सीमारक्षक दलाला, कळवतात. ते तुम्हालाही बोलावतायत. तुमचा एच-१बी व्हिसावरचा भाचाही यायला उत्सुक आहे. ॲरिझोनात बंदूक उघडपणे बाळगायला परवाना लागत नाही, मग यात बेकायदा काय आहे, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी उत्तर देतो. भाच्याने अजिबात जाऊ नये. तुम्हाला जायचंच असेल तर पिस्तूल घरी ठेवून जा. माझं ऐकाल तर तुम्हीही जाऊ नका. कारणं सांगायला मात्र वेळ लागेल, कारण ‘नागरिकांनी सीमेवर सशस्त्र गस्त घालू नये’ असा एकच सरळ कायदा अमेरिकेत नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी झालेल्या कायद्यांची ती एक जाळी आहे. बरेच लोक त्या जाळीच्या भोकांतून आरपार जातात आणि ‘आम्हाला कुणी हात लावला नाही’ हाच कायदेशीरपणाचा पुरावा मानतात. तुमचे शेजारीही बहुधा तेच म्हणत असतील.

त्यांचं एक म्हणणं खरं आहे, ते आधी मान्य करू. स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या जागेत बंदूक कमरेला लावून उभं राहायचं, दुर्बिणीतून बघायचं आणि फोन करायचा, एवढंच केलं तर ॲरिझोनात तो गुन्हा नाही. एप्रिल २००५ मध्ये जिम गिलख्रिस्ट आणि ख्रिस सिमकॉक्स यांच्या मिनिटमन प्रोजेक्ट या गस्तगटाने ॲरिझोनाच्या कोचीस काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) नेमकं याच नियमावर सगळं बसवलं होतं: बघा, कळवा, हात लावू नका. त्याच्या आदल्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी कायदा हातात घेणाऱ्यांना आपला विरोध असल्याचं जाहीर सांगितलं होतं. तरीही ती मोहीम पार पडली, कारण नुसतं बघणं थांबवता येत नाही.

अडचण सुरू होते ती समोरच्याला ‘थांब’ म्हटल्यावर.

‘नागरिकालाही अटक करता येते’ हे वाक्य या गटांत सर्रास ऐकू येतं. येते, पण कधी? ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे तुमच्या डोळ्यांसमोर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, घडला असेल किंवा शांतताभंगाच्या स्वरूपाचा किरकोळ गुन्हा घडला असेल, तर. फेलनी प्रत्यक्षात घडलेलीच असेल आणि ती याच माणसाने केली असं मानायला वाजवी कारण असेल, तरीही. टेक्सासची तरतूदही साधारण याच अंगाने जाते. आता परवानगीशिवाय सीमा ओलांडणं म्हणजे काय ते पाहा. पहिल्यांदा केलं तर संघराज्याच्या कायद्यात तो मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा, आहे, जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद. वाळवंटातून गुपचूप चालत जाणाऱ्याने शांतताभंग केला असं कुठलं कोर्ट म्हणेल? एकदा हद्दपार झालेला माणूस परत आला तर मात्र ती फेलनी होते. पण समोरचा पहिल्यांदा आलाय की तिसऱ्यांदा, हे अंधारात टॉर्च मारून चेहऱ्यावर वाचता येत नाही. ती माहिती बॉर्डर पेट्रोलकडे बोटांचे ठसे तपासल्यावर निघते. तुमच्या अटकेचा आधार मात्र अटक करण्याच्या क्षणी असावा लागतो.

मग कुणी म्हणतं, आम्ही बिचाऱ्यांना नाही, माणसं आणणाऱ्या दलालांना पकडतो, ती तर फेलनीच आहे. इथे कायदा आणखी कडक आहे. माणसांच्या चोरट्या वाहतुकीच्या कलमातच लिहून ठेवलंय की या गुन्ह्यासाठी अटक करण्याचा अधिकार नेमलेल्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांना आणि फौजदारी कायदा राबवणं ज्यांचं काम आहे अशा अधिकाऱ्यांनाच आहे, इतर कुणालाही नाही. राज्याच्या पोलिसांचे हातसुद्धा मोकळे नाहीत. २०१२ च्या ‘ॲरिझोना विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या गाजलेल्या इमिग्रेशन कायद्यातली काही कलमं रद्द केली. हद्दपारीला पात्र वाटणाऱ्या माणसाला पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल, हे कलम त्यांत होतं. गणवेशातल्या पोलिसाला जे जमत नाही ते तंबू ठोकून बसलेल्या नागरिकाला कसं जमेल?

म्हणून अधिकार नसताना थांबवलं की काय होतं? रस्ता अडवून बसवून ठेवलं तर बेकायदा डांबून ठेवणं. बंदूक रोखली तर प्राणघातक शस्त्राने हल्ला. इथे लोक फार गफलत करतात. गोळी सुटली नाही म्हणजे काही झालं नाही, असं त्यांना वाटतं. ॲरिझोनात एखाद्यावर बंदूक रोखून त्याच्या मनात तात्काळ इजेची भीती निर्माण करणं हा क्लास तीनचा गंभीर गुन्हा ठरू शकतो, आणि तो ‘धोकादायक’ सदरात धरला की पहिल्याच गुन्ह्याला पाच ते पंधरा वर्षं, नेहमीची शिक्षा साडेसात. गाडीत बसवून दुसरीकडे नेलं तर अपहरणाचं कलमही लागू शकतं.

जमीनमालकाला थोडी जास्त मोकळीक आहे. स्वतःच्या जागेतली घुसखोरी रोखायला वाजवी असेल तितपत प्राणघातक बळाची धमकी देण्याची मुभा ॲरिझोनाचा कायदा देतो, पण ते बळ प्रत्यक्ष वापरायचं ते फक्त स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला. आणि ही मोकळीक वाजवीपणाच्या मापातच आहे. ॲरिझोनातल्या डग्लसजवळच्या एका रँचमालकाने (रँच म्हणजे गुरं पाळण्याची मोठी जमीन) मार्च २००४ मध्ये सोळा मेक्सिकन नागरिकांना बंदूक आणि कुत्रा घेऊन अडवलं. २००९ मध्ये ज्यूरीने त्यांच्यापैकी चार स्त्रियांना सुमारे ७८ हजार डॉलर भरपाई दिली, आणि २०११ मध्ये संघराज्याच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. पाहुणे म्हणून आलेल्या गस्तकऱ्यांना तर मालकाइतकं संरक्षणही गृहीत धरता येत नाही.

आता मिलिशियाविरोधी, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र तुकड्यांविरोधी, कायदे. वर्तमानपत्रं यांबद्दल सर्वांत कमी लिहितात आणि मला स्वतःला हेच सर्वांत रंजक वाटतात. अमेरिकन संविधानातली दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते. पण खासगी फौज उभारण्याचा हक्क ती देत नाही, हे १८८६ पासून ठरलेलं आहे. शिकागोच्या हर्मन प्रेसरने डिसेंबर १८७९ मध्ये घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन, रायफली घेतलेल्या सुमारे चारशे जणांचं संचलन काढलं. ही जर्मन कामगारांची संघटना होती. गव्हर्नरच्या परवान्याशिवाय सशस्त्र संचलनाला इलिनॉयमध्ये बंदी होती. प्रेसरला दहा डॉलर दंड झाला आणि तो दहा डॉलरचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने राज्याचा कायदा उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाच्याच २००८ च्या हेलर निकालाने वैयक्तिक शस्त्रहक्क ठामपणे मान्य केला, आणि त्यातही प्रेसरच्या खटल्यातला हा मुद्दा जसाच्या तसा राहू दिला.

आज पन्नासही राज्यांत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात ही बंदी आहे. बहुतेक राज्यांच्या संविधानांत लष्करी बळ नागरी सत्तेच्या अधीन असेल असं कलम आहे. ॲरिझोनात खासगी व्यक्तीने किंवा संस्थेने सशस्त्र तुकडी बाळगणं हा क्लास पाचचा फेलनी गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात निमलष्करी संघटना म्हणून जमून शस्त्रांचा सराव करणं गुन्हा आहे. टेक्सासचा कायदा लष्करी कंपनी म्हणून संघटित व्हायला आणि शहराच्या हद्दीत शस्त्रं घेऊन तसं संचलन करायला मनाई करतो. हे ‘शहराच्या हद्दीत’ शब्द वाचले की सीमेवरच्या ओसाड रँचवरचे लोक हसतात. पण टेक्सासच्या याच जुन्या तरतुदीच्या आधारे १९८२ मध्ये एका संघराज्य न्यायालयाने कू क्लक्स क्लान या गौरवर्णीय वर्चस्ववादी संघटनेच्या सशस्त्र शाखेला लष्करी प्रशिक्षण बंद करायला लावलं. दावा सरकारने लावला नव्हता, गॅल्व्हेस्टनच्या उपसागरात मासेमारी करणाऱ्या व्हिएतनामी निर्वासितांनी लावला होता. म्हणजे पोलीस गप्प बसले तरी ज्याला त्रास होतो तो कोर्टात जाऊ शकतो.

शेजाऱ्यांना हे सांगितलंत की ते बहुधा उत्तर देतील, संघराज्याच्या कायद्यात १७ ते ४५ वयाचे सगळे धडधाकट पुरुष ‘असंघटित मिलिशिया’त मोडतात. बरोबर, तसं कलम आहे. पण सरकारने बोलावल्याशिवाय त्या मिलिशियाला काही करण्याचा अधिकार नाही. स्वतःच स्वतःला बोलावून घ्यायची सोय त्यात नाही. याच गोंधळाची दुसरी बाजू म्हणजे १८७८ चा पॉसी कॉमिटेटस कायदा. तो सैन्याला पोलिसी कामापासून दूर ठेवतो, म्हणून ‘सैन्य येऊ शकत नाही, तेव्हा आम्ही येतो’ असा युक्तिवाद केला जातो. एकाचा हात बांधला म्हणून दुसऱ्याच्या हातात अधिकार येत नाही.

गणवेशाबद्दल थोडक्यात. हिरवे किंवा छलावरणाचे कपडे, खांद्यावर बिल्ला, छातीवर रेडिओ असा वेश असेल तर तोंडून काय निघतं याला फार महत्त्व येतं. स्वतःला संघराज्याचा अधिकारी म्हणवून कुणाला अडवणं किंवा झडती घेणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ही भीती काल्पनिक नाही. मे २००९ मध्ये ॲरिझोनातल्या अरिवाका गावात, अशाच एका सीमारक्षक म्हणवणाऱ्या गटाच्या म्होरकीने आपल्या साथीदारांसह, पोलीस असल्याची बतावणी करत एका घरात शिरून बाप आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी यांना ठार केलं. हेतू लुटीचा होता. २०११ मध्ये तिला मृत्युदंडाची शिक्षा झाली. तुमचे शेजारी तसे आहेत असं मी म्हणत नाही. पण अशा गटात कोण कोण येतं, याची पार्श्वभूमी कुणीच तपासत नाही.

जागेचा प्रश्न व्यवहारात सर्वांत आधी उभा राहतो. सीमेवरची जमीन एकाच्या मालकीची नाही. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत सीमेला लागून साठ फुटांचा पट्टा १९०७ पासून संघराज्याने राखून ठेवलेला आहे. एप्रिल २०२५ पासून न्यू मेक्सिकोतला आणि त्यानंतर इतर ठिकाणचाही बराच भाग लष्करी क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे. तिथे विनापरवाना पाऊल टाकणं हाच गुन्हा ठरू शकतो, मग तुम्ही घुसखोर असा की घुसखोर शोधणारे. ॲरिझोनातला सुमारे शंभर किलोमीटरचा भाग तोहोनो ओओधाम या मूलनिवासी राष्ट्राच्या जमिनीला लागून आहे आणि तिथे त्यांचा कायदा चालतो. राष्ट्रीय स्मारकं आणि अभयारण्यं यांचे नियम आणखी निराळे. राष्ट्रीय उद्यानांतला बंदुकीचा नियम २०१० मध्ये बदलून राज्याच्या कायद्याप्रमाणे झाला. त्याआधी मिनिटमनच्याच एका संस्थापकाला कोरोनाडो नॅशनल मेमोरियलच्या हद्दीत पिस्तूल बाळगल्याबद्दल शिक्षा झाली होती.

२०१९ चं सनलँड पार्कचं प्रकरण या सगळ्याचं चांगलं उदाहरण आहे. न्यू मेक्सिकोच्या त्या गावाजवळ युनायटेड कॉन्स्टिट्यूशनल पेट्रिअट्स नावाचा गट तळ ठोकून होता. त्यांनी मोठ्या संख्येने स्थलांतरितांना बसवून ठेवल्याचे व्हिडिओ एप्रिलमध्ये सगळीकडे फिरले. नागरी हक्क संघटनेने त्याला अपहरण म्हटलं, गव्हर्नरांनी हे खपवून घेणार नाही असं जाहीर केलं. पण त्यांचा तळ प्रत्यक्षात हलला तो जागेच्या मुद्द्यावर, रेल्वेची आणि खासगी जमीन सोडा अशी तंबी मिळाल्यावर. म्होरक्याला एफबीआयने पकडलं तेही लोकांना अडवल्याबद्दल नव्हे. पूर्वीच्या शिक्षेमुळे त्याला बंदूक बाळगायला मनाई होती आणि त्याच्याकडे बंदुका सापडल्या होत्या. त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२० मध्ये त्याला २१ महिन्यांची कैद झाली.

म्हणजे मुख्य गुन्हा बाजूलाच राहिला, असं तुम्ही म्हणाल, आणि तुमचं चुकणार नाही. मिलिशियाविरोधी कलमं क्वचितच वापरली जातात. त्याची कारणं कायद्यात नाहीत, माणसांत आहेत. सीमेवरच्या काउंटीतला शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, आणि सरकारी वकील दोघेही निवडून येतात. ज्यूरी त्याच गावातली असते. साक्षीदार म्हणजे ज्याला अडवलं तो माणूस, आणि तो बहुतेक वेळा आठवडाभरात मेक्सिकोत परत पाठवला गेलेला असतो. १९७६ मध्ये डग्लसजवळ तीन मेक्सिकन मजुरांचा एका रँचर कुटुंबाने छळ केला. राज्याच्या कोर्टात आरोपी सुटले. मग संघराज्याने आंतरराज्य व्यापारात अडथळा आणल्याचा, म्हणजे हॉब्ज कायद्याखालचा, आरोप लावला, आणि १९८१ मध्ये त्या कुटुंबातल्या दोघा आरोपी भावांपैकी एकालाच दोषी ठरवता आलं. जानेवारी २०२३ मध्ये नोगालेसजवळ एका रँचमालकाच्या जमिनीवर मेक्सिकन माणूस गोळीने मेला, त्या खटल्यातही २०२४ मध्ये ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि तो तिथेच संपला.

दिवाणी दाव्यात मात्र हवा बदलते. पुराव्याची पट्टी कमी असते, राज्यांच्या कोर्टांत एकमताची गरज बहुधा तितकी कडक नसते आणि फिर्यादीच्या बाजूने मोठ्या संस्थांचे वकील फुकट उभे राहतात. रँच रेस्क्यू नावाच्या गटाने मार्च २००३ मध्ये टेक्सासच्या हेब्रॉनव्हिलजवळ एल साल्वादोरच्या एका जोडप्याला पकडलं. पुरुषाला पिस्तुलाने मारल्याचा आरोप झाला. फौजदारी खटल्यात मारहाणीबद्दल ज्यूरीचं एकमत झालं नाही. दिवाणी न्यायालयाने मात्र लाखो डॉलरचा निवाडा दिला आणि २००५ मध्ये गटातल्या एकाची डग्लसजवळची सत्तर एकर जमीन त्या दोघांच्या नावावर गेली. माझ्या मते या धंद्यातले लोक तुरुंगापेक्षा घर जाण्याला जास्त घाबरतात, आणि घाबरावंही. घराच्या विम्याच्या किंवा त्यावरच्या जादा संरक्षणाच्या ‘अंब्रेला’ विम्याच्या भरवशावर राहू नका. जाणूनबुजून केलेल्या कृत्याची भरपाई विमा कंपन्या सहसा देत नाहीत.

एक गोष्ट या गटांना कुणी सांगत नाही. बेकायदा डांबून ठेवणं आणि गंभीर हल्ला हे गुन्हे यू व्हिसाच्या यादीत आहेत. २००० च्या कायद्याने आलेला हा व्हिसा गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि तपासाला मदत करणाऱ्या परदेशी माणसासाठी आहे. वर्षाला दहा हजारांची मर्यादा आहे आणि रांग फार लांब आहे. पण ज्याला देशाबाहेर घालवायचं म्हणून तुम्ही बंदूक रोखली, त्याला इथे राहायचा कायदेशीर मार्ग तुम्हीच मिळवून दिला, असं होऊ शकतं.

आता तुमच्या घरातला प्रश्न, जो तुमच्या शेजाऱ्यांना पडणारच नाही, कारण ते नागरिक आहेत.

एच-१बी, एफ-१ (विद्यार्थी), एच-४ (एच-१बीवाल्याचे कुटुंबीय) यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूसही बाळगणं संघराज्याच्या कायद्यात गुन्हा आहे. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत. ‘बाळगणं’ म्हणजे मालकी असणं नव्हे. शेजाऱ्याने ‘जरा धर’ म्हणून रायफल हातात दिली तरी पुरतं. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसावर येऊन नंतर तो दर्जा गमावलेल्या एका तरुणावर शूटिंग रेंजवर बंदूक चालवल्यावरून खटला झाला आणि तो २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने एवढंच म्हटलं की आपण कुठल्या दर्जावर देशात आहोत हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करावं. दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीसोबत व्हिसाची चिंता करणाऱ्या तुमच्या भाच्याला ते माहीत नाही, असं कोण मानेल?

तुम्हाला ग्रीन कार्डावर बंदूक बाळगता येते. पण बंदुकीसंबंधीच्या कुठल्याही कायद्याच्या भंगाबद्दल शिक्षा झाली, तर ते हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे. राज्याचा कायदा असो वा संघराज्याचा, शिक्षा छोटी असो वा मोठी. हिंसक गुन्ह्यात वर्षभराची किंवा जास्त शिक्षा सुनावली गेली तर सूट मागायचे बहुतेक दरवाजेही बंद होतात. इथले फौजदारी वकील कधीकधी आरोपीला ‘छोटा गुन्हा कबूल कर, प्रोबेशनवर सुटशील’ असा सल्ला देतात. नागरिकासाठी तो चांगला सौदा असतो. ग्रीन कार्डवाल्याला त्याच कागदावर सही केल्यावर इमिग्रेशनच्या न्यायाधीशासमोर उभं राहावं लागतं. अटक झालीच, तर कबुलीवर सही करण्याआधी दोन्ही कायदे जाणणारा वकील मागा, आणि पोलिसांना नाव-पत्ता सोडून काही सांगू नका. तुमचा नागरिकत्वाचा अर्ज येत्या काही वर्षांत जाणार असेल तर नुसती अटकही त्यात लिहावी लागते, खटला मागे घेतला असला तरी.

शेजाऱ्यांशी संबंध बिघडवायचे नसतील तर त्यांना हे सगळं सांगायची गरज नाही. ‘माझ्या कागदपत्रांचं काम चालू आहे, वकील नको म्हणाले’ एवढं पुरे. कुणी अडचणीत दिसलं, पाणी संपलेलं, पाय मोडलेला, तर ९११ ला फोन करा आणि जागा सांगा. त्याला बंदूक लागत नाही. आणि भाच्याला आजच विचारून घ्या की तो शेजाऱ्यांसोबत रेंजवर कधी गेला होता का, हातात बंदूक धरलेला फोटो कुठे टाकला आहे का. टाकला असेल तर घाईघाईने पुसू नका, कुणाशी बोलू नका, आधी वकील गाठा. फोटो पुसणं हेच पुढे पुरावा नष्ट केल्याचा आरोप म्हणून उभं राहू शकतं.